आजोळच्या वाडीत आधी उत्खनन की थेट पायलिंग?

खापरवेडा:
बोरिवलीच्या एकसर गावठाणात माझं आजोळ. कौलारू घर, मागे विहीर, तिच्यावर पूर्वी रहाट होता, भोवती भाजीची वाडी. मे महिन्यात सगळं पाडून टॉवर येतोय. जेसीबी लागण्याआधी परड्यात पंधरा दिवस रीतसर उत्खनन व्हावं, असं माझं मत. एकसरच्या वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवर, शिलाहार राजांच्या काळातल्या गलबतांच्या लढाया कोरल्यात, त्यांच्यावर लेख येतात. इथं वांगी-भेंडी पिकवणाऱ्यानं काय खाल्लं, कशात रांधलं, ते कोण कोरणार? ते सापडलं तर उकिरड्यातच सापडेल.

पायलिंगवाला:
वीस वर्षं याच पट्ट्यात पाया खोदतोय. वरच्या पाच-सहा फुटांत डेब्रिज, बाटल्या, कुणाचा तरी सेप्टिक टँक. खाली मुरूम. थर कसले मोजता?

खापरवेडा:
भरावही थरच असतो हो. गेल्या पावसात विहिरीचा काठ खचला तेव्हा दोन हात खाली मंगळुरी कौलाचा तुकडा दिसला, अर्धवट शिक्क्याचा. बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेनं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला १८६५ साली, म्हणजे ती माती त्यानंतरची. त्याच्याखाली राखेचा काळा पट्टा, तिसऱ्यांच्या शिंपल्या आणि त्याहून जुन्या धाटणीच्या नळीच्या कौलांचे तुकडे. शेजारी रहाटाच्या मडक्यांची खापरं, दर उन्हाळ्यात उपसलेल्या गाळातली. हे सगळं मी एका दुपारी चाळलं!

कोर्टाची_पायरी:
चाळा, पण जपून. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. बिल्डर हे ऐकेल आणि रात्रीतच खणून मोकळा होईल. तुमच्या हौसेनं उलट नुकसानच.

घोडनदीकाठचा:
पुणे जिल्ह्यात घोडनदीकाठच्या इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून अनेक हंगाम खणलं. राजवाडा नव्हे, शेतकऱ्यांचीच घरं. सातू पिकवणारी माणसं, आणि दोन रांजण तोंडाला तोंड लावून घरातल्या जमिनीखाली पुरलेली लेकरं. हे कुठल्या बखरीत मिळालं असतं?

पायलिंगवाला:
ते तीन हजार वर्षांपूर्वीचं. इथं सव्वाशे वर्षांच्या शिंपल्यांसाठी मालकानं भाडं बुडवायचं? पंधरा दिवसांचा खर्च तुम्ही देता का?

खापरवेडा:
खर्चाचं उत्तर माझ्याकडे नाही, कबूल. पंधरा नको, चार दिवस द्या. दोन मीटरचा एकच खड्डा.

एकसरची_मामी:
भाच्या, तू इथं येऊन माझ्या सासूबाईंचा उकिरडा चव्हाट्यावर मांडलायस, लाज नाही वाटत? खोली भाड्यानं बघून ठेवलीय, सामान बांधायला काढलंय, तारीख पुढे जाणार नाही. काय ते चार दिवसांत विहिरीपाशी खण. तुळशीवृंदावनाच्या जवळ फिरकायचं नाही. आणि चाळण तुझी तू आण. मागच्या वेळी माझी पिठाची नेलीस, अजून दाराशी चिखलानं भरलेली पडलीय.