सीटी स्कॅनच्या चित्रात कापला गेलेला हाताचा दंड डेप्थ कॅमेऱ्याच्या (अंतर मोजणाऱ्या कॅमेऱ्याच्या) मदतीने भरून काढता येईल का?

प्रश्न (सीटी तंत्रज्ञ, नागपूर)
आमच्याकडे रेडिओथेरपीच्या (किरणोपचाराच्या) नियोजनासाठी सीटी स्कॅन होतात. गेल्या आठवड्यात आलेल्या एका स्थूल काकूंना खांदा आखडल्यामुळे हात डोक्यावर नेता येईना, म्हणून हात अंगालगत ठेवूनच स्कॅन करावा लागला. गॅन्ट्रीचे (ज्या गोल कड्यातून टेबल आत सरकते त्याचे) तोंड ७० सेंटीमीटरचे असले तरी मोजमापाचे क्षेत्र ५० सेंटीमीटरचेच आहे. त्यामुळे चित्रात दंडाची बाहेरची बाजू कापली गेली आणि त्या कडेवर पांढरीशुभ्र किनार उमटली. छताला डेप्थ कॅमेरा बसवून शरीराची बाह्यरेषा घेतली, तर हा दोष जाईल का?

उत्तर (वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ)
बराचसा जाईल, पण पूर्ण नाही. प्रोजेक्शनचा, म्हणजे एकेका कोनातून घेतलेल्या क्ष-किरण मोजमापाचा, आलेख कडेला हळूहळू शून्यावर न उतरता मध्येच तुटतो आणि पुनर्रचनेतील (मोजमापांतून चित्र तयार करतानाचा) गणिती फिल्टर त्या तुटलेल्या टोकाला उसळी देतो. तीच आपली पांढरी किनार. नेहमीचे सॉफ्टवेअर पुढचा आलेख अंदाजाने उतरवते, मात्र त्वचा नेमकी कुठे संपते हे त्याला ठाऊक नसते. कॅमेरा तेवढेच सांगतो. त्या रेषेच्या आतला रिकामा भाग पाण्याइतक्या घनतेचा धरून हरवलेली प्रोजेक्शन्स गणिताने तयार करता येतात. तथापि कॅमेऱ्याला त्वचा दिसते, दंडाचे हाड दिसत नाही. म्हणून भरलेल्या भागातील हाउन्सफील्ड अंक (सीटीतील घनतेचे आकडे) मोजलेले समजू नयेत आणि शक्य असेल तिथे उपचाराचा किरण त्या दंडातून नेऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

उत्तर (संगणक अभियंता)
मला खरी अडचण चादरीची वाटते. बाहेर मे महिन्याचे ऊन असले तरी स्कॅनच्या खोलीत एसीमुळे रुग्णाला पांघरूण लागते, आणि कॅमेरा त्वचेऐवजी चादरीची घडी मोजतो. शिवाय गॅन्ट्रीच्या आत गेलेला दंड छतावरून दिसत नाही. पृष्ठभाग टेबल बाहेर असतानाच टिपून टेबल जितके आत सरकले तितका तो सरकवावा लागेल. त्यात वजनामुळे टेबल थोडे वाकते, तेही हिशेबात धरा.

प्रश्नकर्ती
चादरीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता, आभारी आहे. रुग्णावर वापरण्यापूर्वी पडताळणी कशी करावी?

उत्तर (वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ)
पाण्याचा फँटम (चाचणीसाठीचे पाणी भरलेले भांडे) आधी मध्यभागी ठेवून संपूर्ण स्कॅन करा, मग तोच बाजूला सरकवून क्षेत्राबाहेर जाऊ द्या. दुरुस्त केलेली कड पहिल्या चित्रावर ठेवून पाहा. फरक किती मिलिमीटरचा आहे, हे तिथेच कळेल.