ब्रेबॉर्न स्टेडियम ज्यांच्या नावाचे आहे, ते लॉर्ड ब्रेबॉर्न नेमके कोण होते?

प्रश्नकर्ता: चर्चगेटकर

मागच्या रविवारी पुतणीला घेऊन चर्चगेट स्थानकातून मरीन ड्राइव्हकडे चालत निघालो होतो. स्टेडियमच्या भिंतीपाशी ती थांबली आणि वरचे नाव वाचून, ‘काका, हे क्रिकेट खेळायचे का?’ असे तिने विचारले. ते मुंबईचे गव्हर्नर होते, एवढेच मला सांगता आले. या मैदानाला इतकी वर्षे ‘ब्रेबॉर्न’ म्हणत आलो आणि त्या माणसाविषयी एक वाक्यही धड सांगता येऊ नये, याची मनाला फार चुटपुट लागली. लष्करातून राजकारणात आणि तिथून मुंबईत ते कसे आले, आणि मैदानाला त्यांचेच नाव का मिळाले, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद: जुनी कात्रणे

त्यांचे नाव मायकेल नॅचबुल. जन्म ८ मे १८९५ चा. तोफखाना व इंजिनिअर दलांचे अधिकारी घडवणाऱ्या वूलविचच्या लष्करी अकादमीत त्यांचे शिक्षण झाले आणि पहिल्या महायुद्धातील कामगिरीबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळाले. १९३१ मध्ये ते केंट परगण्यातील अ‍ॅशफर्ड मतदारसंघातून हाउस ऑफ कॉमन्सवर निवडून आले आणि भारतमंत्री सॅम्युअल होर यांचे संसदीय खासगी सचिव झाले. हिंदुस्थानच्या नव्या राज्यघटनेची जुळवाजुळव तेव्हा होर यांच्याच खात्यात चालली होती, त्यामुळे मुंबईत पाऊल ठेवण्याआधीच येथील प्रश्न त्यांच्या नजरेखालून गेलेले होते.

फेब्रुवारी १९३३ मध्ये वडील वारले आणि ‘लॉर्ड ब्रेबॉर्न’ ही सरदारकी त्यांच्याकडे आली. लॉर्ड झालेल्या माणसाला कॉमन्समध्ये बसता येत नसे, म्हणून अवघ्या दोन वर्षांत ती जागा सुटली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते मुंबईचे गव्हर्नर झाले. उमराव घराण्यातील माणसाला लहान वयात थेट प्रांत सोपवण्याची ही रीत मला आजही खटकते; मात्र या गृहस्थांनी तो निष्ठेने सांभाळला, हेही मान्य करावे लागेल.

प्रतिसाद: मैदानावरचा

नावाची हकिकत मी सांगतो. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाला मुंबईत स्वतःचे मैदान हवे होते आणि बॅकबेमध्ये समुद्र बुजवून काढलेली जमीन सरकारच्या ताब्यात होती. क्लबचे अँथनी डिमेलो गव्हर्नरांना भेटले आणि खेळाडूंकडून सरकारसाठी पैसा हवा की स्वतःसाठी अमरत्व, असे त्यांनी विचारल्याचे सांगतात. सुमारे ९० हजार चौरस वार जमीन साडेतेरा रुपये वाराने क्लबला मिळाली. २२ मे १९३६ रोजी ब्रेबॉर्न यांनी कोनशिला बसवली. ७ डिसेंबर १९३७ रोजी उद्घाटन झाले ते मात्र नवे गव्हर्नर लम्ले यांच्या हस्ते, कारण तोवर ब्रेबॉर्न बंगालचे गव्हर्नर झाले होते.

प्रतिसाद: जुनी कात्रणे

मैदानाची हकिकत सुरेख आहे, परंतु त्यांच्या कारकिर्दीचे मोजमाप १९३७ च्या वसंतात करावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. १९३५ च्या कायद्याखालील निवडणुकीत मुंबई प्रांतात काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली. बाळासाहेब खेर पक्षाचे नेते निवडले गेले आणि ब्रेबॉर्न यांनी त्यांना मंत्रिमंडळ बनवण्यास बोलावले. पण गव्हर्नर आपले खास अधिकार वापरणार नाहीत, अशी हमी मिळाल्याखेरीज काँग्रेस सत्ता घेणार नव्हती, आणि तशी हमी देणे एकट्या गव्हर्नरच्या हाती नव्हते. अखेर १ एप्रिलला साताऱ्याचे धनजीशा कूपर यांचे अल्पमतातील मंत्रिमंडळ आले. जुलैमध्ये खेरांनी शपथ घेतली, तेव्हा ब्रेबॉर्न मुंबई सोडून गेले होते.

तुम्ही ज्या वीर नरिमन रस्त्याने चालत गेलात, त्या खुर्शेद नरिमनांचे नाव नेतेपदासाठी खेरांच्या आधी घेतले जात होते, आणि ज्या बॅकबे भरावावर हे मैदान उभे आहे, त्या योजनेतील गैरकारभार चव्हाट्यावर आणणारेही तेच. गव्हर्नरांचे मैदान नरिमनांच्या नावाच्या रस्त्यावर उभे आहे, हे पुतणीला अवश्य सांगा.

प्रश्नकर्ता: चर्चगेटकर

आपले मनापासून आभार. पुढे त्यांचे काय झाले?

प्रतिसाद: जुनी कात्रणे

१९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो रजेवर असताना ते काही महिने हंगामी व्हाइसरॉय होते. २३ फेब्रुवारी १९३९ रोजी बंगालचे गव्हर्नर असतानाच त्यांचे निधन झाले. तेव्हा ते जेमतेम ४३ वर्षांचे होते. कोलकात्यातही त्यांच्या नावाचा रस्ता आहे. त्यांची सरदारकी थोरला मुलगा नॉर्टन याच्याकडे गेली. दुसऱ्या महायुद्धात तो कैद झाला, निसटला, पुन्हा पकडला गेला आणि सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या. तो २१ वर्षांचा होता.