मदत हवी आहे: मेथी आडवी पडतेय, धने कुजतायत, पाऊस थांबत नाही

चिंबओली:
तीन आठवड्यांत दोनदा पेरणी झाली. मेथी दोन बोटं वर आली आणि एका रात्रीत सगळी आडवी. धने उकरून पाहिले तर बुळबुळीत. पाऊस रोजचाच. उपाय लवकर सांगा, शनिवार-रविवारच हातात असतो.

बांधावरचा:
एप्रिलात रोज पाऊस? अवकाळी का? गाव कोणतं, माती कसली, कुंडी की जमीन?

रातांबा:
पावसात मेथीचा नाद सोडा. मांडव घाला, पडवळ-दोडकी सोडा. आमच्याकडे रत्नागिरीत आजी हेच करायची, मृग लागला की.

चिंबओली:
मृग कुठला इथे! मँचेस्टरला आहे मी. लिहिलं नव्हतं का? जमीन आहे, घरामागे.

बांधावरचा:
नव्हतं लिहिलं. असो. रोपं कोलमडणं म्हणजे जमिनीतली बुरशी. बोर्डो मिश्रण एक टक्का: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. वाफ्यात ओता.

थेम्सकाठी:
१०० लिटर पाणी, आधीच भिजलेल्या वाफ्यात? शिवाय मोरचुदासारखी तांब्याची बुरशीनाशकं इथे घरगुती बागेला चालत नाहीत. ताई, आधी देठ बघा. मातीलगत चिमटा काढल्यासारखा बारीक झाला असेल तर बुरशी. कुरतडलेला असेल आणि शेजारी चकचकीत रेघ दिसली तर गोगलगाय, बिनशंखाची.

चिंबओली:
बारीक झालाय. रेघा पण आहेत.

थेम्सकाठी:
मग दोन्ही. गोगलगायींसाठी आयर्न फॉस्फेटच्या गोळ्या आणा. कुणी जुन्या मेटाल्डिहाइडच्या देऊ केल्या तर घेऊ नका, २०२२ पासून इथे बंद आहेत.

रातांबा:
वाटीत बिअर ठेवा, पुरून. बुडून मरतात.

बांधावरचा:
गोगलगायींना बिअर! आम्हाला इथे ताक मिळेना.

सुगरण७२:
तुळस मरत असेल तर कुंडी बदलून बघा. माझी तशीच जगली.

थेम्सकाठी:
तुळशीचं कुणी विचारलंय का? ताई, मूठभर माती घेऊन लाडू वळा आणि बोटाने टोचा. फुटला तर वाफसा आलाय, पेरा. नुसता खळगा पडला तर थांबा. ओल्यात पाय देऊ नका, फळी टाकून उभ्या राहा. आणि वीतभर उंच गादीवाफा करा. इथल्या चिकणमातीत सपाट वाफा म्हणजे डबकंच.

बांधावरचा:
गादीवाफ्याचं पटलं. पण मेथी फार दाट टाकली असणार. वारा खेळायला नको?

चिंबओली:
मूठमूठ टाकली, किराणा दुकानातले दाणे. लाडू वळला. फुटत नाही, चकलीसारखा लांबतोय. पण पलीकडे गुलाबाजवळची माती ठीक आहे, दहा पावलांवर. असं कसं?

बांधावरचा:
वाफा नेमका कुठे आहे?

चिंबओली:
शेडच्या भिंतीला लागून. छपराची पागोळी पडते तिथे जराशी.

थेम्सकाठी:
पागोळीखाली?!

रातांबा:
म्हणजे पाऊस थांबला तरी हिचा वाफा भिजतोच आहे.

चिंबओली:
ऊन तिथेच येतं हो दुपारी! म्हणून केला. आता हलवायचा म्हणजे गुलाब काढायला लागेल, आणि तो सासूबाईंचा आहे.

बांधावरचा:
मग पागोळी हलवा. छपराला पन्हळ लावा, खाली पिंप ठेवा. गुलाबाला हात लावू नका.

सुगरण७२:
गुलाबाचा गुलकंद कुणी करतं का?