मदत हवी आहे: वडील लोबुचेला, डोकं थांबत नाही, उद्या बेस कॅम्प. औषध सांगा

तापीकाठ (रात्री ८:०५)
नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, मुद्द्याचंच सांगा. नाना एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला गेलेत. ग्रुप आहे, गाइड आहे. आज लोबुचेला पोहोचले. डोकं दुखतंय आणि खोकला आहे. उद्या गोरकशेपला सामान टाकून बेस कॅम्प, परवा पहाटे काला पत्थर आणि मग उतरायचंच. डोक्यावर आणि खोकल्यावर कोणतं औषध घ्यायला सांगू? लॉजचं वायफाय कार्ड संपत आलंय, त्यामुळे उत्तर लवकर हवंय.

सातपुडा_वाटसरू (८:११)
ताई, वय काय त्यांचं? डोकं आजच दुखायला लागलं की आधीच्या मुक्कामापासून, दिंगबोचेपासून दुखतंय? उलटी, मळमळ? जेवले का? डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) चालू आहे का? एवढं कळल्याशिवाय औषध कसं सांगणार?

अमळनेरकर (८:१४)
घाबरू नका. मी करून आलोय हा ट्रेक. तिथे डोकं सगळ्यांचंच दुखतं. लॉजवर लसणाचं सूप मिळतं, ते दिवसातून तीनदा प्यायचं आणि रुमालात कापूर बांधून हुंगायचा. माझं डोकं गोरकशेपला फुटायला आलं होतं, तरी बेस कॅम्प केला. इतक्या जवळ जाऊन माणूस परत आला तर जन्मभर रुखरुख राहते.

तापीकाठ (८:१९)
वय ६२. तब्येत एकदम ठणठणीत. रोज पहाटे मेहरूण तलावाला फेऱ्या मारतात, सातपुड्यातल्या अस्तंबा शिखराची यात्रा चुकवत नाहीत. डोकं दिंगबोचेपासूनच थोडं थोडं होतं. उलटी झाली, पण ती तिथलं जेवण मानवलं नाही म्हणून. औषधाचं सांगा ना कुणीतरी.

केळीबाग_रावेर (८:२२)
ताई, पुढच्या वर्षी आमचं चार-पाच जणांचं जायचं चाललंय. माणशी किती खर्च आला? बूट इथून न्यावे की काठमांडूला थामेलमध्ये स्वस्त पडतात?

धुळ्याचा_डॉक्टर (८:२६)
मी फिजिशियन आहे, आणि ट्रेकवर ग्रुपचा डॉक्टर म्हणूनही गेलोय. उंचीवर डोकेदुखी आणि सोबत उलटी असेल तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो विरळ हवेचा त्रासच धरायचा, जेवणावर ढकलायचा नाही. लोबुचे सुमारे ४,९०० मीटरवर आहे. आपलं जळगाव जेमतेम २०० मीटरवर. बेस कॅम्पला, म्हणजे ५,३६४ मीटरवर, हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या निम्म्याच्या जरासा वर असतो.

नानांना विचारू नका, ते बरं आहे म्हणतील. खोलीतल्या जोडीदाराला विचारा:
नुसतं बसल्या जागी धाप लागते का?
आडवं झाल्यावर खोकला वाढतो का, कफ पडतो का, कफाला गुलाबी झाक आहे का?
जमिनीवर सरळ रेषेत, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत दहा पावलं चालता येतात का? तोल जातो का?
बोलणं नेहमीसारखं आहे का?
आणि घरून कोणकोणती औषधं नेलीत?

शिरपूरची_ताई (८:२९)
ऑक्सिमीटर लावायला सांगा आधी! ९४ च्या खाली गेलं तर ऑक्सिजन लावायलाच हवा. कोरोनात आम्ही घरी हेच केलं, सासरे त्यामुळेच वाचले. आत्ताच्या आत्ता हेलिकॉप्टर बोलवा, पैशाकडे बघू नका.

धुळ्याचा_डॉक्टर (८:३३)
ताई, कोरोनातला आकडा तिथे लागू होत नाही. त्या उंचीवर धडधाकट माणसाचंही ऑक्सिजन ८० च्या आसपास दिसतं. बोटं गार पडली असतील तर यंत्र आणखी कमी दाखवतं. बाकी ग्रुपच्या मानाने नानांचं फार खाली असेल तर ती खूण आहे, पण निर्णय लक्षणांवर घ्यायचा. आणि रात्री हेलिकॉप्टर तिथे उडत नाही. सकाळपर्यंत पाय हेच वाहन.

अस्तंबा_पायवाट (८:३७)
अस्तंब्याचं नाव निघालं म्हणून लिहितो. धनत्रयोदशीला रात्रभर चालून पहाटे शिखर गाठणारा माणूस कुठेच अडत नाही. आमच्याकडे सत्तरीची म्हातारी माणसं अनवाणी चढतात. नानांची ही तयारी आहे, ते होतील बरे. त्यांना अश्वत्थाम्याचं नाव घ्यायला सांगा.

सातपुडा_वाटसरू (८:४१)
भाऊ, अस्तंब्याबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे, पण ते शिखर दीड हजार मीटरच्याही आत आहे. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजाराच्या वर सुरू होतो. दमसास असला म्हणून या त्रासातून सुटका नाही. उलट तगडी माणसं झपाझप चढतात आणि तीच आधी आडवी होतात. नियम सोपा आहे: तीन हजाराच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम वाढवायचा. ताई, तुमच्या ग्रुपने दिंगबोचेला जादा मुक्काम केला होता का?

तापीकाठ (८:५२)
नाही केला. पुढचं विमान सापडावं म्हणून तो दिवस गाळला, असं आत्ता कळलं. खोलीत चाळीसगावचे एक काका आहेत, त्यांच्याशी बोलले. बसल्या जागी धाप नाही. पण बूट बांधताना थांबून थांबून श्वास घेतात. खोकला कोरडा, आडवं झाल्यावर वाढतो. रेषेवर चालले नीट. दुसऱ्यांदा उलटी झाली. पॅरासिटामॉल घेऊन दोन तास झाले, डोकं तसंच आहे. काल झोप नाही म्हणून घरची झोपेची गोळी घेतली, आजही घेणार होते. ग्रुप लीडर म्हणतो डायमॉक्सची एक गोळी घ्या, सकाळी फ्रेश वाटेल, सगळे मिळून जाऊ. देऊ का?

धुळ्याचा_डॉक्टर (८:५५)
झोपेची गोळी आज अजिबात नको. ती श्वास मंदावते आणि तिथे झोपेत ऑक्सिजन आधीच घसरलेला असतो. आधी सांगा, त्यांना कोणत्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली आहे का? सल्फाची वगैरे?

तापीकाठ (८:५८)
हो, सल्फाची. फार जुनी गोष्ट आहे. अंगभर फोड येऊन सिव्हिलला ठेवलं होतं. लीडरला हे माहीत नाही.

धुळ्याचा_डॉक्टर (९:०२)
मग आत्ता फोन करून सांगा की डायमॉक्स द्यायची नाही. ती सल्फा गटातली आहे. साध्या पुरळाच्या इतिहासात डॉक्टर कधी कधी देतात, पण इतकी मोठी रिअ‍ॅक्शन येऊन गेलेल्या माणसाला हिमालयातल्या खोलीत, डॉक्टर शेजारी नसताना, नाही. आणि ज्यांना चालते त्यांनाही ती उतरण्याच्या बदल्यात द्यायची नसते. गोळी घेऊन आणखी वर चढणं हा उपचार नाही.

आता पुढचं. उद्या नाना वर जाणार नाहीत. उजाडलं की खाली उतरायचं. रात्रीत बसल्या जागी धाप लागली, तोल गेला किंवा बोलणं बरळल्यासारखं झालं तर उजाडायची वाट बघायची नाही, टॉर्च लावून दोघांनी धरून खाली न्यायचं. लॉजवर ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का, हे आत्ताच विचारून ठेवा. पाठीला उशा लावून अर्धवट बसतं झोपवा. काकांनी दर दोन तासांनी हाक मारून उठवावं.

अमळनेरकर (९:०६)
डॉक्टरसाहेब, तुम्ही माणसाला उगाच घाबरवताय. अहो, बेस कॅम्प तिथून एका दिवसाचं काम. माणूस वर्षभर पैसे साठवतो. रेषेवर नीट चालले म्हणतात ना? मग एक दिवस लोबुचेलाच आराम करू द्या आणि परवा जाऊ द्या.

धुळ्याचा_डॉक्टर (९:१०)
नुसती डोकेदुखी असती तर तुमचं ऐकलं असतं. त्याच उंचीवर थांबून त्रास पूर्ण गेला तर पुढे जाता येतं, हे खरं आहे. इथे दोन उलट्या झाल्यात, गोळीने डोकं उतरत नाही, आणि आडवं झाल्यावर खोकला वाढतोय. या खोकल्याची मला जास्त काळजी आहे. कोरड्या गार हवेचा साधा खुंबू खोकला बऱ्याच जणांना होतो. फुप्फुसात पाणी धरायला लागतं तेव्हाही सुरुवात अशीच असते. स्टेथोस्कोप लावल्याशिवाय फरक कळत नाही, आणि स्टेथोस्कोप खाली फेरिचेला आहे.

सातपुडा_वाटसरू (९:१४)
हेच लिहायला आलो होतो. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं मदत केंद्र आहे, १९७३ पासून. वसंतात आणि शरदात, ट्रेकच्या हंगामात उघडं असतं, डॉक्टर असतात, ऑक्सिजन असतो. लोबुचेहून थुकला या वस्तीपर्यंत उतरून खाली नदीच्या पात्राकडे वळलं की फेरिचे. संथ चाललं तरी दुपारच्या आत पोहोचतात, आणि सहाशे मीटरच्या आसपास उंची उतरते. दिंगबोचेच्या वाटेला लागू नका, फाट्यावर उजवीकडची खालची वाट. नानांच्या पाठीवर काहीही द्यायचं नाही.

भरीत_पुरी (९:१७)
खोकल्यावर अडुळसा आणि मध. सूंठ चावायला द्या. तिथलं बेचव खाऊनच माणसाला उलट्या होतात हो. जाताना सोबत बिबड्या आणि मेतकूट द्यायला हवं होतं, गरम भातावर मेतकूट-तूप पोटाला बरं.

तापीकाठ (९:३१)
लीडरशी बोलले. डायमॉक्स थांबवली. पण तो म्हणतो, खाली जायचं असेल तर तुमच्या जबाबदारीवर, सहायक गाइड ग्रुपसाठी आहे. नाना म्हणतात मी एकटा उतरतो, बाकीच्यांचा खोळंबा नको. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. काय करू?

शिरपूरची_ताई (९:३३)
म्हणून म्हणते हेलिकॉप्टर! विमा आहे ना?

सातपुडा_वाटसरू (९:३८)
एकट्याने मुळीच नाही. वाटेत तोल गेला तर धरायलाही कुणी नको का? लीडरला सरळ सांगा की आजारी माणसासोबत माणूस पाठवणं हे गाइडचंच काम आहे. आणि हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा, त्यात "सल्फा, दोन उलट्या, डॉक्टरांनी उतरायला सांगितलंय" असं स्पष्ट असू द्या. लेखी गेलं की सूर बदलतो. तरीही नाहीच ऐकलं तर लॉजवाल्याला सांगा, सकाळी हमाल मिळतो. नानांच्याच पैशाने, पण मिळतो.

हेलिकॉप्टरबद्दल: ज्याला चालता येतंय त्याला आधी चालवत उतरवा. विम्याचा कागद काढून बघा, किती मीटरपर्यंत संरक्षण आहे ते. बऱ्याच साध्या प्रवास विम्यात चार-साडेचार हजारांवर काहीच मिळत नाही. आणि विमा कंपनीला आधी फोन करून मंजुरी घेतल्याशिवाय कुणालाही हो म्हणू नका. गरज नसताना हेलिकॉप्टर उडवून विम्याचे पैसे काढायचा धंदा नेपाळमध्ये मोठ्या प्रमाणावर चालत होता, २०१८ मध्ये तिथल्या सरकारने त्याची चौकशी केली.

शिरपूरची_ताई (९:४१)
आणि त्या हिशेबात एखाद्याचा जीव गेला तर? मी तरी वाट बघितली नसती.

धुळ्याचा_डॉक्टर (९:४४)
तोल गेला, बसल्या जागी धाप लागली, तर मीही हेलिकॉप्टरच म्हणेन, सकाळी पहिलं. दोघांचंही म्हणणं लक्षणांवर अवलंबून आहे. ताई, आईला सांगा. रात्री फोन आला तर घरात दुसरं कुणीतरी जागं हवं.

केळीबाग_रावेर (९:५०)
खर्चाचं कुणी सांगितलं नाही...

अमळनेरकर (९:५२)
भाऊ, आत्ता नको. वेगळा धागा काढा, मी सविस्तर लिहितो. परमिटचे आपल्याला सार्क दराने कमी पैसे पडतात, विमान मात्र महाग.

तापीकाठ (दुसऱ्या दिवशी, दुपारी ३:२०)
लेखी पाठवल्यावर सहायक गाइड मिळाला. रात्र बसून काढली. उजाडताच निघाले, चाळीसगावचे काकाही स्वतःहून सोबत उतरले, त्यांचाही बेस कॅम्प राहिला. फेरिचेच्या डॉक्टरांनी तपासलं. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी आवाज येतोय, पाणी धरायला सुरुवात झाली आहे म्हणाले. ऑक्सिजन लावलाय, निफेडिपिन दिलंय. वर गेले असते तर रात्र जड गेली असती असं त्यांनी नानांना तोंडावर सांगितलं. डोकं अर्ध्यावर आलंय. नाना माझ्याशी नीट बोलत नाहीयेत. म्हणाले, "चार तास राहिले होते गं."

अस्तंबा_पायवाट (३:३१)
बठ्ठं बरं व्हई जाई ताई. नानांना म्हणा अस्तंबा यंदाही आहेच.

अमळनेरकर (३:४०)
बरं वाटलं वाचून. तरी माझं म्हणणं तेच, सगळ्यांनाच असं होत नाही. नानांना माझा नमस्कार सांगा. काला पत्थरवर उजाडताना एव्हरेस्ट बघणं काय असतं ते मला माहीत आहे, म्हणून लिहिलं होतं.

धुळ्याचा_डॉक्टर (४:०५)
उत्तम झालं. आता फेरिचेला बरं वाटलं म्हणून परत वर जायचा विषय येईल, कारण ग्रुप अजून वरच आहे. नाही म्हणायचं. तिथले डॉक्टर हो म्हणतील तेव्हा नामचेपर्यंत उतरायचं. ३,४४० मीटरला आलं की माणूस बदललेला दिसेल, भूक लागेल. तेंगबोचेच्या आधी मधे एक चढ लागतो आणि तेंगबोचेनंतर नदी ओलांडली की पुन्हा मोठा चढ आहे. तिथे घाई नको.

तापीकाठ (तिसऱ्या दिवशी, रात्री ७:४५)
नामचेला पोहोचले. दाळ-भात दोनदा मागून घेतला. खोकला आहे पण झोप लागतेय, गोळीशिवाय. आता दुसरी अडचण. लुक्लाचं (ट्रेक जिथून सुरू होतो तिथलं) परतीचं विमान ग्रुपच्या तारखेचं आहे, नाना आणि काका आधी पोहोचतील. शिवाय ते काठमांडूला उतरत नाही, रामेछापला उतरतं म्हणे. पुढचं काठमांडू-मुंबई विमान नॉन-रिफंडेबल आहे, ते सोडून रेल्वेने आणू का? इकडे ४४ डिग्री आहे, त्यांना झेपेल का?

भुसावळ_जंक्शन (७:५८)
माझा विषय आला. हंगामात लुक्लाची बरीच विमानं रामेछापच्या मंथली विमानतळावरून उडतात, तिथून काठमांडू गाडीने चार-पाच तास. विमानं सकाळीच सुटतात, दुपारी ढग आणि वारा. लुक्लाला पोहोचताच एअरलाइनच्या काउंटरवर नाव आधीच्या तारखेला हलवायला सांगा, लॉजवाला हे करून देतो. काठमांडूचं पुढचं विमान असू द्या, एक-दोन दिवस हातात ठेवूनच त्याची तारीख असेल. ते हुकलं तरच सुनौलीमार्गे गोरखपूर आणि तिथून कुशीनगर एक्स्प्रेस. लखनौ, झाशी, भोपाळ, खंडवा करत थेट भुसावळ. एसीचंच काढा, आणि खालचा बर्थ. पण आत्ता मे महिन्यात वेटिंग लांब असतं, म्हणून आजच एक तिकीट धरून ठेवा, नको झालं तर रद्द करा.

धुळ्याचा_डॉक्टर (८:०६)
विमान बरं. खाली आल्यावर फुप्फुस बरं होतं, पण उन्हात रेल्वेची दगदग लगेच नको. घरी आल्यावर छातीचा एक्स-रे आणि ईसीजी करून घ्या, वय ६२ आहे. आणि सल्फाचं कार्डावर लिहून त्यांच्या पाकिटात कायमचं ठेवा.

तापीकाठ (८:२०)
कार्ड आत्ताच लिहिलं, फोटो काढून त्यांनाही पाठवला. कुशीनगरचं वेटिंगचं तिकीट काढते. खालचा बर्थ वेटिंगमध्ये मागता येतो का, की चार्ट लागल्यावर टीसीला भेटायचं?

भुसावळ_जंक्शन (८:२४)
फॉर्ममध्ये वय ६२ टाका आणि लोअर बर्थची पसंती द्या. तिकीट कन्फर्म होऊन वरचा आला तर टीसीला भेटायचं. काकांचंही त्याच तिकिटावर काढा.