रुग्णालयातील जिवाणूंचा औषधप्रतिरोध: वर्षावर्षांची तुलना कशी करावी?

प्रश्न
शोधनिबंधासाठी एकाच रुग्णालयाचे अनेक वर्षांचे कल्चर अहवाल (रुग्णाच्या नमुन्यातील जिवाणू वाढवून केलेल्या तपासणीचे) तपासत आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियसमधील मेथिसिलिन-प्रतिरोध घटलेला, तर क्लेब्सिएलातील मेरोपेनेम-प्रतिरोध वाढलेला दिसतो. असे विरुद्ध बदल एकाच ठिकाणी खरोखर घडतात का?

प्रतिसाद १
घडतात. इंग्लंडमध्ये २००१ पासून रक्तातील एमआरएसए (मेथिसिलिन-प्रतिरोधी स्टॅफिलोकॉकस ऑरियस) संसर्गाची नोंद सक्तीची झाली आणि पुढील दशकात तो संसर्ग बराच कमी झाला. कार्बापेनेमला (मेरोपेनेम ज्यात मोडते त्या प्रतिजैविकांच्या गटाला) न जुमानणारे क्लेब्सिएलासारखे ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू मात्र त्याच सुमारास जगभर पसरू लागले होते. एमआरएसए मुख्यतः स्पर्शातून पसरतो, त्यामुळे हातांची स्वच्छता आणि कॅथेटरची काळजी यांचा परिणाम लवकर दिसतो. क्लेब्सिएला आतड्यात लक्षणांविना राहतो आणि त्याची केपीसी किंवा एनडीएम ही कार्बापेनेम-प्रतिरोध देणारी जनुके प्लाझ्मिडवर (जिवाणूंमध्ये देवाणघेवाण होणाऱ्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावर) असल्यास एका जातीच्या जिवाणूतून दुसऱ्या जातीत जातात. शिवाय सेफॅलोस्पोरिन गटातील प्रतिजैविके निष्प्रभ ठरू लागल्यावर कार्बापेनेमचा वापर वाढला आणि त्या वापरानेच प्रतिरोधी जिवाणूंना वाव मिळाला. औषधवापराच्या नोंदी मिळत असतील तर त्या याच आलेखाशेजारी अवश्य मांडाव्यात.

प्रतिसाद २
वरील विवेचन पटते, तरीही निष्कर्षापूर्वी मोजणी तपासावी. अतिदक्षता विभागातील एकाच रुग्णाचे नमुने वारंवार जातात. ते सारे मोजल्यास प्रतिरोध फुगलेला दिसतो, म्हणून दरवर्षी प्रत्येक रुग्णाचा त्या जातीचा पहिलाच नमुना धरावा. ३० पेक्षा कमी नमुन्यांवरून टक्केवारी काढणे टाळावे.

जिवाणू संवेदनशील की प्रतिरोधी हे ठरवण्याचे निकष बदलल्याचा परिणाम अधिक फसवा असतो. असे निकष ठरवणाऱ्या सीएलएसआय या अमेरिकी संस्थेने २०१० मध्ये एंटरोबॅक्टेरिएसी कुलासाठी (क्लेब्सिएला याच कुलातला) मेरोपेनेमची संवेदनशीलतेची मर्यादा ४ वरून १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरवर आणली. ज्या जिवाणूची एमआयसी (वाढ रोखण्यास लागणारे औषधाचे किमान प्रमाण) ४ होती तो आधी संवेदनशील ठरत असे, नंतर तोच प्रतिरोधी ठरू लागला. जिवाणू बदललाच नव्हता. मूळ एमआयसी उपलब्ध असल्यास सर्व वर्षांना एकच निकष लावावा.

प्रश्नकर्ता
आमच्याकडे एमआयसी नाही, डिस्क पद्धतीचे अहवाल आहेत.

प्रतिसाद २
औषधाच्या डिस्कभोवती जिवाणू न वाढलेल्या वलयाचा व्यास मिलिमीटरमध्ये नोंदलेला असेल, तर त्यालाही नवे निकष लावता येतात. केवळ 'संवेदनशील' किंवा 'प्रतिरोधी' एवढेच लिहिले असेल, तर प्रयोगशाळेने नवे निकष कोणत्या महिन्यापासून स्वीकारले हे विचारून घ्यावे आणि त्याच्या अलीकडची व पलीकडची वर्षे एका रेषेने जोडू नयेत.