साखर चमच्याने नको, वजनाने
घरी केलेल्या बिअरला बाटलीत फेस यावा म्हणून 'प्रत्येक बाटलीत एक चमचा साखर' हा इथे कुणीतरी सुचवलेला उपाय चालतो, पण मला पटत नाही. चमचा कधी सपाट, कधी शिगोशीग भरतो. मग एकाच खेपेतली एक बाटली मिळमिळीत आणि दुसरी उघडताच फसफसून मनगटापर्यंत येते. मी साखर वजन करून थोड्या पाण्यात उकळतो, गार झाली की सगळ्या बिअरमध्ये हलक्या हाताने मिसळतो आणि मगच बाटल्या भरतो. जोरात ढवळू नका, हवा शिरली की चव उतरते.

तापमानाचा मुद्दा मात्र कुणीच काढलेला नाही. २० अंशांना आंबलेल्या बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या साधारण ०.८५ पट कार्बन डायऑक्साइड आधीच विरघळलेला असतो. लिटरमागे ४ ग्रॅम साखर बाटलीत आंबून त्यात आणखी एक पट भर घालते. म्हणजे ६ ग्रॅमने २.३ पटीच्या आसपास पोचतो, एलला (खोलीच्या तापमानाला आंबवायच्या बिअरला) तेवढा फेस छान. लागरमध्ये, म्हणजे कमी तापमानाला आंबवलेल्या बिअरमध्ये, मुळातच वायू जास्त, तिथे साखर कमी करा. आणि एक बाटली प्लास्टिकची भराच. रोज दाबून बघायची. दगडासारखी कडक लागली की बाकीच्या फ्रिजमध्ये.