कोमोडोला शत्रू नाही, मग तो संकटात कसा?

प्रश्न : शेतकरी, उत्तर सोलापूर
नमस्कार. गेल्या आठवड्यात आमच्या बांधावरचे वारूळ उकरताना एक मोठी घोरपड दिसली. ती पाहून नववीतल्या माझ्या मुलीने विचारले की, तिच्याच भावकीतला कोमोडो ड्रॅगन ३ मीटरपर्यंत वाढतो, हरणे आणि म्हशीही मारतो, तर त्याचे नाव संकटग्रस्त प्राण्यांत कसे? मला नीट सांगता आले नाही. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर : निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, होटगी रस्ता
प्रश्न अगदी रास्त आहे. इंडोनेशियातील कोमोडो, रिंचा, शेजारची काही लहान बेटे आणि फ्लोरेसचा थोडा किनारा, एवढेच या प्राण्याचे जग. तेथे १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. मात्र फ्लोरेसवरचे बरेच कोमोडो त्याच्या हद्दीबाहेर राहतात, जेथे शेतीसाठी रान तोडले-जाळले जाते आणि हरणांची चोरटी शिकार होते. भक्ष्यच आटले तर एवढा मोठा प्राणी जगणार कशावर? त्यात समुद्र चढतो आहे आणि कोमोडोची वस्ती मुख्यतः सखल भागात आहे. म्हणूनच २०२१ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने त्याची नोंद ‘असुरक्षित’ऐवजी ‘संकटग्रस्त’ अशी केली.

शिवाय ‘शत्रू नाही’ हे थोराड कोमोडोपुरतेच खरे. मादी वीसेक अंडी घालते, पुष्कळदा मेगापोड पक्ष्याने रचलेल्या माती-पाल्याच्या ढिगात. ती उबायला सात-आठ महिने लागतात. बाहेर पडलेले पिल्लू तडक झाडावर चढते, कारण खाली मोठे कोमोडोच त्याला खातात.

प्रतिसाद : विद्यार्थिनी, जुळे सोलापूर
सर, मादी नराशिवायही अंडी घालते असे वाचले होते. मग वंश टिकणार नाही का?

उत्तर : निवृत्त जीवशास्त्र शिक्षक
ब्रिटनमधील प्राणिसंग्रहालयांत तसे घडल्याचे २००६ मध्ये सिद्ध झाले. परंतु त्या अंड्यांतून फक्त नर जन्मतात. तेवढ्यावर वंश चालत नाही.

प्रतिसाद : पक्षीनिरीक्षक, नान्नज
घोरपडीबद्दलही लिहायलाच हवे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत असूनही मांसासाठी तिला मारतात, आणि ‘हत्थाजोडी’ नावाची मुळी म्हणून विकली जाते ती वस्तू म्हणजे नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. मी स्वतः एका जत्रेत ती कुंकू लावून मांडलेली पाहिली, तेव्हा मन विषण्ण झाले. असे दिसल्यास वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवावे. दादा, ते वारूळ मोडू नका. घोरपड वारुळातही अंडी घालते.

प्रश्नकर्ता : सर्वांचे आभार. वारुळाभोवतीची दोन तासांची (नांगराच्या ओळींची) जागा नांगरटीतून सोडली आहे.